वेगाचे गाणे कोणाचे?

काय गावे हा प्रश्न धंदेवाईक गवयाला फारसा पडत नाही. मैफलीत बसलेले रसिक, ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी, चित्रपटाचा निर्माता, यांपैकी कोणी ना कोणी तो त्याच्यासाठी आधीच सोडवून ठेवलेला असतो. हौशी माणसाचे तसे नाही. त्याला गा म्हणून कोणी सांगितलेले नसते आणि गाऊ नको म्हणून सांगणारे घरातच चार असतात. यामुळे विषयाच्या निवडीत तो जितका स्वतंत्र, तितकाच एकटा असतो. बीडसारख्या जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या एखाद्या तरुणाने गिटार हाती घेऊन मोटारींच्या शर्यतीवर रॉक पद्धतीचे गाणे रचावयाचे मनात आणले, तर त्याच्यापुढे कोणत्या अडचणी उभ्या राहतील, आणि त्यांतून वाट कशी निघेल, याचा विचार या भाषणात करावयाचा आहे. विषय वरवर थट्टेचा वाटेल. परंतु नव्या यंत्राला जुन्या भाषेच्या गाण्यात जागा कशी मिळते हा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे, आणि तो काही थट्टेचा नाही.

पहिला आक्षेप ठरलेला असावयाचा. ज्याने अशी शर्यत कधी पाहिली नाही, त्याने तिच्यावर गाणे कसे रचावे? बीड जिल्ह्यात मोटारींच्या शर्यतीचे मैदान नाही. फॉर्म्युला वन या नावाने ओळखली जाणारी जगप्रसिद्ध शर्यत भारतात प्रथम झाली ती दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे, ३० ऑक्टोबर २०११ रोजी. आणि २०१३ नंतर तीही तेथून उठली. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत शर्यत म्हटली की डोळ्यांपुढे उभा राहतो तो बैलांचा शंकरपट. त्यावरही २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली होती. डिसेंबर २०२१ मध्ये ती सशर्त उठली, आणि मे २०२३ च्या निकालाने महाराष्ट्राचा त्याविषयीचा कायदा ग्राह्य ठरला. तेव्हा बीडच्या तरुणाने बैलांवर गावे, मोटारीवर गाऊ नये, असे म्हणणारे भेटतीलच.

परंतु हा आक्षेप फार दूरपर्यंत टिकत नाही. मोटारींची शर्यत आज वाटते तितकी बीडच्या बैलगाडीपासून दूर जन्मलेली नाही. १८९४ सालच्या जुलै महिन्यात एका फ्रेंच वर्तमानपत्राने पॅरिसपासून रूआँपर्यंत, सुमारे १२६ किलोमीटरांच्या वाटेवर, बिनघोड्याच्या गाड्यांची स्पर्धा लावली. तीच मोटारींची पहिली स्पर्धा होय असे बहुतेक इतिहासकार मानतात. तीत सर्वांच्या पुढे आलेल्या वाफेच्या गाडीचा वेग ताशी एकोणीस किलोमीटरांच्या आसपास पडला. चांगला बैल थोडे अंतर त्याहून जोरात धावतो. तरीही रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होतीच. वेगाचा मोह आकड्यांत नसतो. आधी जे पाहिले त्याहून अधिक पाहावयास मिळते, यात तो असतो. पुढे १९०९ साली इटालियन कवी मारिनेत्ती याने, ग्रीकांच्या सुप्रसिद्ध विजयदेवतेच्या मूर्तीपेक्षाही धावती शर्यतीची मोटार अधिक सुंदर आहे, असे जाहीर करून टाकले. मात्र अशा घोषणेने गाणे होत नाही. गाणे व्हावयास आणखी काही लागते.

ते काय, हे रॉक संगीताच्या इतिहासात डोकावले म्हणजे कळू लागते. या संगीताचा आणि मोटारीचा संबंध अगदी जन्मापासूनचा आहे. अमेरिकेतील मेंफिस शहरी १९५१ साली ध्वनिमुद्रित झालेले "रॉकेट ८८" हे गाणे पुष्कळ जाणकार या परंपरेतील पहिले मानतात, आणि ते एका मोटारीचेच स्तोत्र आहे. ध्वनिमुद्रणासाठी येताना वाटेत गिटारच्या ध्वनिवर्धकाला इजा झाली, आत कागद कोंबून तो कसाबसा चालता केला, आणि त्यातून जो फाटका, घरघरता आवाज निघाला तोच पुढे या संगीताची ओळख बनला, अशी कथा सांगतात. चार वर्षांनी, १९५५ मध्ये, चक बेरी याचे "मेबेलीन" आले. त्यात खरोखरीची शर्यत आहे. फोर्ड गाडीतला एक मनुष्य पुढे धावणाऱ्या कॅडिलॅकचा पाठलाग करतो. पण तो का धावतो आहे? त्या पुढच्या गाडीत त्याची प्रेयसी बसलेली आहे म्हणून. चाल एका जुन्या ग्रामीण सारंगीवाद्याच्या गाण्यावर बेतलेली, वाहन नवे, आणि दुःख मात्र जगाच्या आरंभापासूनचे! १९७९ साली बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन याने "फास्टर" नावाचे गाणे केले. तो शर्यतींचा निस्सीम चाहता होता, आणि शर्यतीच्या मैदानावरचे यंत्रांचे खरे आवाज त्याने या गाण्यात घातले. तरी गाण्यातली गोष्ट यंत्राची नाही. ती जिवावर उदार होऊन धावणाऱ्या एका माणसाची आहे, आणि त्याच्या पत्नीने मनात दाबून ठेवलेल्या भीतीचीही आहे. तात्पर्य, शर्यतीचे चांगले गाणे शर्यतीविषयी क्वचितच असते. मोटारीत कोण बसले आहे आणि मोटारीबाहेर कोण उभे आहे, या दोघांमधल्या अंतराविषयी ते असते.

या म्हणण्याला पदार्थविज्ञानाचाही एक विलक्षण आधार आहे. पिठाच्या गिरणीचे जुने, एका नळकांड्याचे डिझेल इंजिन मिनिटाला सहासातशे फेरे करते. त्याचे ठोके सेकंदाला पाचसहा पडतात. ते वेगवेगळे ऐकू येतात, त्यांच्यावर ताल धरता येतो. ग्रेटर नोएडात धावलेल्या गाड्यांची आठ नळकांड्यांची इंजिने मिनिटाला १८,००० फेऱ्यांपर्यंत जात. म्हणजे सेकंदाला १,२०० स्फोट. सेकंदाला वीसपेक्षा अधिक ठोके पडू लागले की कान ते मोजणे सोडून देतो आणि त्यांचा एक सलग सूर ऐकू लागतो. म्हणून शर्यतीची मोटार ताल देतच नाही. ती सूर देते. जो नवशिका गीतकार मोटारीचा वेग दाखविण्यासाठी ढोलाची लय वाढवीत नेतो, त्याची चूक नेमकी येथे होते.

आता हा सूर कोणाला कसा ऐकू येतो ते पाहावे. आवाज करणारी वस्तू जवळ येत असता तिचा सूर चढा लागतो आणि दूर जाताना तो उतरतो, हा नियम डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडला. १८४५ मध्ये हॉलंडात बॉइस बॅलॉट याने त्याची परीक्षा घेतली, आणि त्यासाठी उपकरणे न वापरता वादक वापरले. काही जण आगगाडीवर बसून एकच सूर फुंकीत राहिले, आणि तयार कानाचे दुसरे काही रुळांच्या कडेला उभे राहून त्या सुराची उतरण टिपीत राहिले. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचा सूर रस्त्याकाठच्या माणसासाठी तार षड्जावरून थेट कोमल गांधाराच्या आसपास कोसळतो. ताशी ६० च्या वेगाने जाणाऱ्या एसटीचा भोंगा जेमतेम कोमल निषादापर्यंत उतरतो. पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखीच आहे. जो मोटार हाकतो त्याला स्वतःच्या इंजिनाची ही उतरण मुळीच ऐकू येत नाही. तो त्या सुराबरोबरच पुढे गेलेला असतो. आली, आली आणि गेली, हे तीन शब्दांचे गाणे ऐकू येते ते केवळ रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसालाच.

आणि रस्त्याच्या कडेला उभे राहणे म्हणजे काय हे बीड जिल्ह्याला शिकवावयास नको. परळी वैजनाथास रेल्वे पुष्कळ आधी आली. पण बीड शहराला प्रवासी आगगाडी दिसली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरकडे जाणारी. तोवर दूरच्या प्रवासाचे वाहन म्हणजे रस्त्यावरची मोटार. हैदराबाद संस्थानाने १९३२ साली २७ मोटारी घेऊन आपले वाहतूक खाते सुरू केले. मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेल्यावर दोन्हींचे रस्ते एक झाले. या काळात मोटार खेड्यात आली आणि तिच्यावर गाणीही झाली. ती रचली कोणी? गिटार घेतलेल्या तरुणांनी नव्हे, तर पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांनी. हौशी हा शब्द जर कोणाला पूर्णपणे लागू पडत असेल तर तो त्यांना. त्यांना मानधन नव्हते, श्रोते नव्हते, आणि गाणे रचीत आहोत ही जाणीवही बहुधा नव्हती.

हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ या संशोधकांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या. माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गाइलेल्या ओव्या याच संग्रहात आहेत. जात्यावरच्या ओवीत पूर्वी माहेरच्या वाटेवरून भाऊ बैलगाडीने येई आणि त्याच्या बैलांचे कौतुक होई. पुढे आगगाडी आली, मोटार आली, तशी ती ओवीतही सहज येऊन बसली. मोटार किती धावते याच्याशी त्या बाईला कर्तव्य नव्हते. तिच्यातून कोण उतरणार, एवढेच तिला पाहावयाचे होते. "मेबेलीन" रचणाऱ्याला जे गवसले, तेच या बायकांना एका हाताने खुंटा ओढता ओढता आणि दुसऱ्याने वैरण घालता घालता गवसलेले होते.

दुर्दैव एवढेच, की ज्या इंजिनाने मोटार आणली त्याच इंजिनाने पिठाची गिरणीही आणली. जाते थांबले. बायकांच्या मनगटांचे आणि कमरेचे कष्ट वाचले, ही गोष्ट मोठीच झाली. जात्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी पहाटे दोन पायल्या दळून पाहावे, म्हणजे गहिवर ओसरेल. पण गाण्याची जी रोजची जागा होती ती गेली, आणि तिच्या जागी दुसरी आली नाही.

ओवी थांबली तरी मोटारीची वाट पाहणे मात्र थांबले नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रक-ट्रॅक्टरांत भांडीकुंडी, शेळ्या, मुले आणि कोयते भरले जातात. ट्रॅक्टरवर कर्णकर्कश गाणी वाजत असतात. घरी म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली मुले राहतात. गाडी वळणापलीकडे जाते, तिच्यावरच्या गाण्याचा सूर किंचित उतरतो आणि ऐकू येईनासा होतो. त्यानंतर गळिताचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच-सहा महिने, तो सूर पुन्हा चढत येण्याची वाट पाहावयाची असते. डॉप्लरचा नियम न शिकताही तो या मुलांना पाठ असतो.

तेव्हा बीडच्या हौशी गायकाला सांगावयाचे ते एवढेच. त्याने मोटारींच्या शर्यतीवर खुशाल गावे. विषय परका आहे म्हणून कोणी अडविल्यास ऐकू नये. पण स्वतःला चालकाच्या आसनावर बसवू नये, कारण तेथून गाणे ऐकू येत नाही. रॉकच्या चार ठोक्यांत मराठी शब्द बसत नाहीत, हीही तक्रार त्याने करू नये. इंग्रजी एकाक्षरी शब्दांवर पडणारा दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याचा आघात मराठीच्या दीर्घ स्वरांना सोसत नाही, हे खरे. परंतु जात्यावरची ओवीही कोठे मोजून बांधलेली होती? चरण लहान पडला तर बाई त्यात "ग बाई" घाली, अर्धी ओळ पुन्हा म्हणे, आणि दगडाचा फेरा पुरा होईपर्यंत स्वर लांबवी. ठोका यंत्राचा, आणि त्याच्यावरून मोकळेपणाने वाहणारी ओळ माणसाची, ही रचना बीडच्या पहाटेत शतकानुशतके ऐकू येत होती. मुकुंदराजांची समाधी ज्या अंबाजोगाईस दाखवितात, त्या मुलखात ओवीचे हे स्वातंत्र्य कोणाकडून उसने आणावयाची गरज नाही.

गिटारवर असे गाणे कोणी रचले, तर त्यात शर्यत कोण जिंकला हे बहुधा येणार नाही. त्यात रस्त्यावर उभे असलेले एक मूल येईल, दुरून चढत येणारा एक सूर येईल, आणि ही गाडी थांबणारी की पुढे जाणारी, हे कळण्यापूर्वीचा क्षण येईल. त्या क्षणाएवढा वेग कोणत्याही शर्यतीत नसतो.