यजमान संगणक आणि पाहुणें यंत्र



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना नवल वाटलें असेल. सारी उमर खडू-फळ्यापुढें घालविलेल्या एका मॅट्रिक झालेल्या मास्तरानें, सॉफ्टवेअरचें काम कोणत्या यंत्रावर करावें याविषयीं बोलावें, हा अधिकार त्याला कोणीं दिला? त्याचें उत्तर असें कीं, अधिकार विद्येनें येतो तसा नुकसानीनेंही येतो, आणि माझा अधिकार या दुसऱ्या जातीचा आहे. नुकसान कसें झालें, तें कशानें टळलें असतें, आणि त्या उपायाचीही किंमत काय पडते, एवढेंच आज सांगावयाचें योजिलें आहे.

सन २०२० च्या टाळेबंदींत माझी भाची आमच्या घरीं राहावयास आली. सॉफ्टवेअर लिहिणें हा तिचा पोटाचा धंदा. कचेरीचा संगणक तिच्या हातीं पडण्यास विलंब लागला, म्हणून घरांतील एकुलत्या एक संगणकावर तिनें काम आरंभिलें. त्याच संगणकावर आमचे बँकेचे कागद होते, मुलांच्या लग्नांचीं छायाचित्रें होतीं, आणि माझा शब्दसंग्रह होता. निवृत्तीनंतर मी आमच्या भागांतील शेतकऱ्यांच्या बोलींतले पावसाचे, मातीचे, औतांचे आणि गुरांच्या रंगांचे शब्द गोळा करूं लागलों होतों. गांवचे एक नव्वदीला टेकलेले आजोबा रोज संध्याकाळीं फोनवर मला पांच-सात शब्द सांगत व त्यांचे अर्थ समजावून देत. मी ते ऐकतां ऐकतां संगणकावर उतरून घेत असें. वहींत लिहिण्याचें मीं सोडून दिलें होतें.

एके सकाळीं भाची माझ्यापुढें येऊन उभी राहिली. ‘मामा, माझ्या हातून फार मोठी चूक झाली,’ एवढेंच ती बोलली. कामाच्या फोल्डरांतील केरकचरा काढण्यासाठीं तिनें एक लहानशी आज्ञावली लिहिली होती. ज्या फोल्डरांतील फाइली पुसावयाच्या, त्याचें नांव आज्ञेंतील एका मोकळ्या जागीं आपोआप भरलें जावयाचें होतें. तें भरलें गेलें नाहीं. जागा मोकळी राहिली, आणि त्या मोकळ्या जागेचा अर्थ संगणकानें ‘येथून खालीं असेल तें सर्व’ असा घेतला. ‘अग, पण पुसण्यापूर्वीं त्यानें विचारलें नाहीं?’ मीं म्हटलें. ती म्हणाली, ‘विचारूं नकोस असें मींच त्याला सांगितलें होतें, मामा.’

छायाचित्रें व कागद पेन ड्राइव्हवरील नकलेंतून परत मिळाले. शब्दसंग्रहाची नक्कल मात्र तीन महिन्यांपूर्वींची निघाली. त्या तीन महिन्यांतले शब्द गेले ते गेलेच. कारण ते सांगणारे आजोबा त्याच पावसाळ्यांत वारले.

मीं मुलीला दोष दिला नाहीं. जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्यावर, चुकणें हा काम करणाऱ्याचा धर्मच आहे हें मला पटलेलें आहे. माझ्या मनांत आलेला प्रश्न निराळा होता. शाळेंत रसायनाचे प्रयोग आम्ही ग्रंथालयांत करीत नव्हतों. प्रयोगशाळेला वेगळी खोली असे, फरशीचीं टेबलें असत, दाराशीं वाळूची बादली असे. न तपासलेली आज्ञावली चालविणें हाही एक प्रयोगच आहे. मग जेथें घरची सारी चीजवस्तु ठेवलेली, तेथेंच तो कां करावा? हा प्रश्न मीं भाचीला विचारला, आणि तिच्या उत्तरांतून ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणजे आभासी यंत्र ही काय वस्तु आहे तें मला कळलें.

आभासी यंत्र म्हणजे संगणकाच्या आंत सॉफ्टवेअरनें उभा केलेला दुसरा संगणक. बाहेरच्या खऱ्या संगणकाला यजमान आणि आंतल्याला पाहुणा म्हणण्याचा या धंद्यांत प्रघात आहे. यजमान आपल्या मेमरीचा कांहीं भाग व प्रोसेसरचा कांहीं वेळ पाहुण्याला देतो. पाहुण्याची डिस्क ही यजमानाच्या दृष्टीनें केवळ एक मोठी फाइल असते. पाहुण्याकडे त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असते, आणि तिचा सारा कारभार स्वतंत्र बिऱ्हाड केल्यासारखा चालतो. दोघांमधील देवघेव सांभाळणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायझर म्हणतात. पाहुण्याच्या बहुतेक आज्ञा खरा प्रोसेसर थेट पाळतो, म्हणून पाहुणा चपळ राहतो. साऱ्या यंत्राच्या कारभाराला हात घालणारी आज्ञा आली, तर तेवढीच हायपरव्हायझर अडवितो व तिची तजवीज स्वतः करतो.

ही कल्पना कालपरवांची नव्हे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें आयबीएम कंपनीच्या केंद्रांत सीपी-४० नांवाची व्यवस्था १९६७ सालीं कामास लागली. एका मोठ्या यंत्रावर अनेक जण काम करीत, आणि प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र आपल्या स्वाधीन असल्याचा अनुभव येई. १९७२ सालीं त्याच कंपनीनें व्हीएम/३७० ही व्यवस्था आपल्या गिऱ्हाइकांसाठीं जाहीर केली. १९७४ सालीं जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघां शास्त्रज्ञांनीं अशा व्यवस्थेच्या कसोट्या लिहून ठेविल्या: आंतील आज्ञावलीचें वर्तन खऱ्या यंत्रावरच्यासारखेंच असावें, बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरनें पाळाव्या, आणि साधनसामग्रीवरील ताबा सर्वस्वीं व्यवस्थापक आज्ञावलीकडे राहावा. घरगुती संगणकांचे प्रोसेसर पुष्कळ वर्षें या कसोट्यांस पुरते उतरत नव्हते. व्हीएमवेअर कंपनीनें १९९९ सालीं ती अडचण युक्तीनें ओलांडली, आणि २००५-०६ च्या सुमारास इंटेल व एएमडी या कंपन्यांनीं प्रोसेसरांतच तशी सोय करून दिली. आज साध्या लॅपटॉपवरही पाहुण्यासाठीं खोली बांधतां येते.

या खोलीचा पहिला लाभ माझ्या गोष्टीवरूनच उघड आहे. ती पुसण्याची आज्ञा पाहुण्या यंत्रांत चालली असती, तर पाहुण्याचें बिऱ्हाड धुऊन निघालें असतें, पण यजमानाच्या एका अक्षराला धक्का लागला नसता. शिवाय पाहुण्याची आहे तशी स्थिति एखाद्या क्षणीं टिपून ठेवतां येते. तिला स्नॅपशॉट म्हणतात. धाडसाचें काम करण्यापूर्वीं तो घेतलेला असला, तर बिघाड होतांच पूर्वस्थितीवर येतां येतें. फळ्यावरचें गणित चुकलें कीं पुसून पुन्हा मांडावें, तशांतलाच हा प्रकार.

दुसरा लाभ परक्यांच्या लेखनापासून बचावाचा. आजकाल सर्वच्या सर्व सॉफ्टवेअर स्वतः कोणी लिहीत नाहीं. अनोळखी माणसांनीं लिहून ठेवलेलीं शेंकडों पॅकेजें एका आज्ञेसरशीं उतरवून घेतात, आणि त्यांतील कांहीं तर बसवितांनाच आपल्या आज्ञा चालवूं शकतात. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ नांवाचें एक फार वापरलें जाणारें पॅकेज २०१८ सालीं मूळ लेखकानें सांभाळण्यासाठीं एका अपरिचिताच्या हातीं सोपविलें. त्यानें त्याला दुसरें एक पॅकेज जोडून दिलें. त्यांत दडविलेल्या आज्ञांचा रोख बिटकॉइनच्या एका पाकिटांतील धन चोरण्यावर होता, हें नोव्हेंबर महिन्यांत उघडकीस आलें. चोरी व्हावयाची ती पाकीट वापरणारांची. परंतु ज्या वाटेनें चोर आला, ती वाट सॉफ्टवेअर लिहिणाराच्या संगणकांतून जात होती. आणि त्याच्या यजमान संगणकावर काय काय असतें? साठविलेले परवलीचे शब्द, कचेरीच्या किल्ल्या, घरचे कागद. पाहुण्याच्या खोलींत चालू कामापलीकडे चोरण्यासारखें कांहीं ठेवण्याचें कारणच नसतें.

तिसरा लाभ मला मास्तर म्हणून विशेष वाटतो. ‘माझ्या संगणकावर तर नीट चालतें’ हें वाक्य या धंद्यांत रोज ऐकूं येतें म्हणे. परीक्षेंत अडलेला मुलगा ‘घरीं येत होतें, गुरुजी’ म्हणतो, त्याचेंच हें भावंड. घरच्या संगणकावर वर्षानुवर्षें नाना वस्तु सांचलेल्या असतात, आणि आपली आज्ञावली नकळत त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालत असते. कोऱ्या पाहुण्या यंत्रांत तिला उभी केली कीं तिचें स्वतःचें बळ किती, तें ताबडतोब दिसतें.

आतां किंमत पाहूं. मेमरी ८ जीबी असलेल्या संगणकानें ४ जीबी पाहुण्याला दिली, तर दोघेही अर्धपोटीं राहतात. १६ जीबी असल्यावांचून हा संसार सुखाचा होत नाहीं, असा भाचीचा अनुभव आहे. पुढची किंमत उंबऱ्यावरच्या दिरंगाईची. फाइली यजमानाकडे ठेवून पाहुण्यानें त्या सामाईक फोल्डरांतून वाचावयाच्या ठरविल्या, तर प्रत्येक फाइलीसाठीं उंबरा ओलांडावा लागतो, आणि हजारों लहान फाइलींचें काम रेंगाळतें. विंडोजमध्यें लिनक्स चालविण्याची डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ति हें आंतून एक हलकें आभासी यंत्रच आहे. लिनक्सच्या कामाच्या फाइली लिनक्सच्याच बाजूस ठेवाव्या, असा सल्ला मायक्रोसॉफ्ट कंपनी स्वतःच देते. शिवाय कांहीं कामें पाहुण्याला सोसत नाहींत. अँड्रॉइड फोनची आज्ञावली तपासण्यासाठीं संगणकावर जो नकली फोन चालवितात, तो स्वतःच आभासी यंत्र असतो. पाहुण्याच्या घरीं आणखी पाहुणा उतरविला म्हणजे ओढाताण व्हावयाचीच. ॲपल कंपनीनें २०२० पासून आपल्या संगणकांत निराळ्या जातीचा प्रोसेसर घालण्यास आरंभ केला. त्यावर इंटेलच्या जातीची संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम पाहुणी आणावयाची, तर तिच्या आज्ञांचें भाषांतर करावें लागतें, आणि वेग फार मंदावतो.

परंतु सर्वांत मोठा धोका किमतींत नाहीं, समजुतींत आहे. भिंत बांधली म्हणजे माणूस निर्धास्त होतो, आणि मग सोयीसाठीं तोच त्या भिंतीला दारें पाडीत सुटतो. यजमानाचें सगळें घर सामाईक फोल्डर म्हणून पाहुण्याला उघडें करून देतो, आणि आपल्या साऱ्या किल्ल्या आंत नेऊन ठेवतो. अशा खोलींत ती पुसण्याची आज्ञा चालली असती, तरी माझे शब्द गेलेच असते. बरें, भिंतही अभंग असते असें नाहीं. २०१५ सालीं ‘व्हेनम’ या नांवानें एक दोष प्रसिद्ध झाला. क्यूईएमयू नांवाच्या आज्ञावलींत जुन्या फ्लॉपी डिस्कच्या यंत्रणेची जी नक्कल केलेली होती, तींत तो वर्षानुवर्षें दडून होता. फ्लॉपी वापरणारें कोणी उरलें नव्हतें, तरी त्या विसरलेल्या खिडकींतून पाहुण्याला यजमानाच्या घरांत शिरतां येण्याजोगें होतें. तो दोष दुरुस्त झाला. तरीही भिंतीच्या भरंवशावर नकला करणें सोडूं नये, हें त्यावरून शिकावयाचें.

येथें कोणी विचारील कीं, २०१३ सालीं डॉकर आल्यापासून ज्यांचा बोलबाला झाला, त्या कंटेनरांनीं हें काम होत नाहीं काय? पुष्कळसें होतें, आणि कमी खर्चांत होतें. पण कंटेनर हीं चाळींतलीं बिऱ्हाडें आहेत. खोल्या वेगळ्या, पाया सर्वांचा एकच. कारण ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा ते सर्व मिळून वापरतात. आभासी यंत्राचा पायाही स्वतंत्र असतो. ओळखीच्या कामाला चाळ पुरते. अगदीं परक्याला उतरवून घ्यावयाचें असेल, तर वेगळें घर बरें.

मग काम करावें कोठें? भाचीनें पुढें जी रीत घातली ती मला पटली. पत्रव्यवहार, वाचन, लेखन हें यजमानाकडे. आज्ञावली चालविणें, तपासणें, परक्याचें पॅकेज बसविणें हें पाहुण्याकडे. कामाच्या फाइली पाहुण्याकडेच राहतात, व यजमानाकडे बसून ती त्या जोडणीनें उघडते. घरचें फोल्डर आंत उघडें करीत नाहीं. झालेलें काम रोज तिसऱ्या ठिकाणीं पाठविलें जातें. आणि खोली कशी बांधली, तींत काय काय कोणत्या क्रमानें बसविलें, हें सर्व एका साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेलें असतें. महिन्याकाठीं ती पाहुणें यंत्र पुसून टाकते आणि त्या लेखावरून नवें उभें करते. उभें राहिलें नाहीं, तर लेखांत कांहीं सुटलें आहे असें समजते व तें भरून काढते.

माझ्या मतें सारें मर्म या शेवटल्या गोष्टींत आहे. तिसऱ्या दिवशींही राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल कोठें गेली, असें आपल्याकडे म्हणतात. वर्ष-दोन वर्षें जपलेलें, पुसण्याची छाती होत नाहीं असें आभासी यंत्र म्हणजे दुसरें घरच झालें. त्यांतही चीजवस्तु सांचते, आणि मूळचा धोका तेथें राहावयास येतो. केव्हांही मोडतां येते, हाच त्या खोलीचा गुण. म्हणून खोली जपूं नये. खोली बांधण्याची कृति जपावी.

आपल्या घरांतील कोणी मुलगा वा मुलगी घरच्याच संगणकावर असें काम करीत असेल, तर त्याला दोन प्रश्न अवश्य विचारा: चुकलें तर काय काय जाईल, आणि त्याची नक्कल कोठें आहे? उत्तर देतांना तें मूल क्षणभर थांबलें, तर वेगळ्या खोलीची वेळ आली असें समजावें.

त्या आजोबांच्या सुनेनें आठवून आठवून पन्नासएक शब्द मला पुन्हा सांगितले. ते मीं प्रथम वहींत लिहिले, आणि मग संगणकावर.