वाटेवरचें संगीत : स्टील गिटार

प्रवास आणि गाणें यांचा संबंध फार जुना आहे. रात्रीच्या वेळीं बैलगाडी हांकणारा गाडीवान जी लांब तान घेई, ती कोणास ऐकविण्यासाठीं नसे. आपण जागे आहोंत आणि बैल चालत आहेत, एवढी खात्री ती त्याची त्यालाच करून देई. बैलांच्या गळ्यांतील घुंगरांचा त्यास ताल मिळे. पुढें मोटार आली आणि गाडीवानाचें गाणें बंद पडलें. यंत्राच्या घरघरीपुढें त्याचा आवाज टिकेना. त्याच्या जागीं प्रथम रेडिओ आला, मग कॅसेट आली, आणि आतां खिशांतील फोनवरून जगांतील वाटेल तें संगीत गाडींत वाजूं शकतें. पूर्वीं अडचण होती ती गाणें मिळण्याची. आज अडचण आहे ती निवडीची. गाडी चालवितांना कोणतें संगीत ऐकावें, हा प्रश्न वरवर पाहतां हौसेचा वाटतो. परंतु ज्याच्या हातीं स्टिअरिंग आहे त्याच्या, आणि त्याच्या भरंवशावर मागें बसलेल्यांच्या, जिवाशीं त्याचा संबंध येतो.

नाशिककरांना या प्रश्नाची ओळख मुंबईच्या वाटेवर होते. हें अंतर सुमारें १७० किलोमीटर आहे. शहर सोडतांना पांडवलेण्यांचा डोंगर मागें पडतो. विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी हीं गांवें येतात. घोटीच्या सुमारास कळसूबाईची रांग दिसूं लागते. इगतपुरी ओलांडली कीं कसारा घाट सुरू होतो, आणि घाट उतरल्यावर खर्डी, आसनगांव, पडघा करीत रस्ता भिवंडी-ठाण्याच्या गर्दींत शिरतो. मोकळें पठार, अवघड उतार आणि वाहनांची दाटी, अशा तीन निरनिराळ्या वाटा एकाच प्रवासांत लागतात. या तिहींस एकच संगीत पुरणार नाहीं, हें उघड आहे. तथापि संगीताची आवड असलेल्या मोटारचालकानें या वाटेवर आवर्जून जवळ करावें असें एक वाद्य आहे. तें म्हणजे स्टील गिटार. जुन्या रेडिओश्रोत्यांस तें ‘हवाईयन गिटार’ या नांवानें अधिक परिचित असेल.

नांवावरून पुष्कळांची अशी समजूत होते कीं, हें वाद्य पोलादाचें असावें. वस्तुतः पोलादी असते ती वादकाच्या डाव्या हातांतील गुळगुळीत कांडी. वाद्य मांडीवर आडवें ठेवतात. त्याच्या तारा साध्या गिटारपेक्षां अधिक उंच उचललेल्या असतात. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतात आणि डाव्या हातानें ती कांडी तारांवरून फिरवितात. साध्या गिटारवर बोट एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जातें, तेव्हां मधली वाट तुटते. येथें ती तुटत नाहीं. कांडी जेथून निघाली तेथपासून जेथें पोहोंचली तेथपर्यंत सूर अखंड वाहत जातो. हिंदुस्थानी संगीतांत जिला मींड म्हणतात, तीच ही.

ही वादनपद्धति हवाई बेटांत रूढ झाली. गिटार त्या बेटांवर एकोणिसाव्या शतकांत बाहेरून आली. परंतु ती आडवी धरून पोलादानें वाजविण्याची कल्पना मात्र तेथेंच वाढीस लागली. तिचें जनकत्व सामान्यतः जोसेफ केकुकू याजकडे दिलें जातें. हा १८७४ सालीं जन्मला. रेल्वेच्या रुळांवरून गिटार वाजवीत जातांना त्याला एक लोखंडी बोल्ट सांपडला, आणि तो तारांवर घांसला जातांच निघालेल्या सुरानें तो मोहित झाला, अशी कथा सांगतात. दुसरी एक हकिकत याचें श्रेय गॅब्रिएल डेव्हियन नांवाच्या, हिंदुस्थानांत जन्मलेल्या व जहाजावरून तिकडे नेल्या गेलेल्या मुलास देते. या कथांपैकीं कोणतीही खरी मानली तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. विचित्र वीणेच्या तारांवर बट्टा फिरवून आणि दक्षिणेंतील गोट्टुवाद्यावर लाकडी कांडी सरकवून हाच अखंड सूर काढण्याची कला भारतीयांस स्वतंत्रपणें अवगत होती. त्यामुळें हें वाद्य समुद्र ओलांडून आलें, तेव्हां येथील कानांस तें परकें वाटलें नाहीं.

१९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनांत हवाईयन संगीत गाजलें आणि त्यानंतर त्याच्या ध्वनिमुद्रिका जगभर पसरल्या. विजेवर चालणाऱ्या गिटारींपैकीं बाजारांत यशस्वी ठरलेला पहिला नमुना १९३२ सालीं अमेरिकेंत निघाला. तोही मांडीवर ठेवून वाजविण्याच्या स्टील गिटारचाच होता. १९४० नंतरच्या दशकांत हवाईचे टाऊ मो व त्यांचे कुटुंबीय कलकत्त्यास राहिले होते, आणि त्यांच्या वास्तव्यानें तेथें या वाद्याचा नाद अनेकांस लागला. बंगालमध्यें पुढें सुनील गांगुली यांनीं चित्रपटगीतांच्या चाली या गिटारवर वाजवून मोठी लोकप्रियता मिळविली. मुंबईंत मूळचे लखनौचे व्हॅन शिप्ले आणि एस. हजारा सिंग यांनीं तेंच कार्य केलें. शिप्ले यांच्या गिटारला पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांच्या अकॉर्डियनची साथ लाभली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती सुरू झाली. एखाद्या गीताची चाल आधीं वाद्यावर ऐकवून मग मूळ गीत लावणारा ‘साज और आवाज’ हा तिचा कार्यक्रम ज्यांनीं ऐकला आहे, त्यांस गिटारवरून ओळखीची चाल निघतांच ओंठांवर शब्द कसे येतात, हें सांगावयास नको.

मोटारचालकाच्या दृष्टीनें या वाद्याचा पहिला गुण येथेंच आहे. तें गातें, पण बोलत नाहीं. शब्द असलेलें गाणें श्रोत्यास आपल्या अर्थाकडे ओढतें. गाडींतील माणसांच्या बोलण्याशीं त्याची टक्कर होते. आणि एखादी ओळ आठवणींत खोल शिरली तर मन रस्त्यावरून उठून भलतीकडे जातें. गिटारवरील चाल ओळखीची असून मूक असते. ऐकणाऱ्यानें हवे तर शब्द भरावेत, नको असतील तर सोडून द्यावेत.

दुसरा गुण तिच्या नादांत आहे. सतारीचा किंवा सरोदाचा सूर छेडतांच हळू हळू विरूं लागतो, आणि विरतांना त्यांत जें नाजूक काम होतें तें धांवत्या गाडीच्या आवाजांत बुडून जातें. विजेच्या साहाय्यानें वाजणाऱ्या स्टील गिटारचा सूर दीर्घ काळ टिकतो. खिडकी उघडी असली, बाजूनें मालमोटार गेली, तरी तो हरवत नाहीं. त्यासाठीं आवाज चढविण्याची गरज पडत नाहीं.

तिसरा गुण गतीचा. इस्रायलमधील वॉरन ब्रॉडस्की यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, संगीताची लय जलद होत गेली म्हणजे कृत्रिम यंत्रावर गाडी चालविणाऱ्यांचा वेगही वाढत जातो आणि त्यांच्या हातून चुकाही अधिक होतात. जलद लयीचा परिणाम पायावर होतो, हें चालकाच्या ध्यानींही येत नाहीं. स्टील गिटारचा स्वभाव मुळांतच सावकाश आहे. कांडी सरकावयास वेळ लागतो, आणि त्या वेळांतच तिचें सौंदर्य आहे. घाईनें वाजविली तर ती स्टील गिटार राहत नाहीं.

परंतु जो गुण तोच दोष होऊं शकतो. सावकाश, अखंड आणि गोड असा सूर थकलेल्या माणसास झोंपेकडे नेतो. सँटो आणि जॉनी या दोन भावांनीं १९५९ सालीं वाजविलेली जी स्टील गिटारची धून अमेरिकेंत लोकप्रियतेंत पहिल्या क्रमांकावर पोहोंचली, तिचें नांवच मुळीं ‘स्लीप वॉक’, म्हणजे झोंपेंत चालणें, असें आहे. नांव मोठें अर्थपूर्ण आहे. पण झोंपेंत चालणारा माणूस एकटा पडतो, झोंपेंत गाडी चालविणारा कुटुंबासह पडतो. इगतपुरीहून मुंबईच्या बाजूचा समृद्धि महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला आणि नाशिक जिल्ह्यांतील प्रवाशांना घाटाऐवजीं सुमारें आठ किलोमीटरच्या बोगद्यांतून जाण्याची सोय झाली. ही सोय मोठीच आहे. परंतु रुंद, सरळ व एकसारख्या रस्त्यावर डोळे उघडे असूनही भान मंद होतें, हा धोकाही तिच्याबरोबर आला आहे. घाटांतील वळणें चालकास जागें ठेवीत असत. सरळ रस्ता ठेवीत नाहीं. अशा वेळीं संगीत हें औषध नव्हे. विलंबित धून तर नव्हेच. पण जलद गाणेंही नव्हे, कारण तें झोंप घालवीत नाहीं, फक्त लपवितें. झोंपेस एकच उतारा आहे, तो म्हणजे गाडी बाजूस सुरक्षित जागीं थांबवून घेतलेली झोंप.

येथें आणखी एका गोष्टीचा विचार करणें अवश्य आहे. ‘गाडींत ऐकावयास बरी’ ही स्टील गिटारची प्रशंसा आहे कीं तिची उपेक्षा? चित्रपटगीतांच्या चाली वाजविणारें वाद्य म्हणून गंभीर संगीताच्या बैठकींत तिला प्रतिष्ठेचें आसन मिळण्यास विलंब लागला. तें आसन ज्यांनीं मिळवून दिलें त्यांत पंडित ब्रिजभूषण काब्रा हे अग्रेसर होत. १९३७ सालीं जोधपूर येथें जन्मलेल्या काब्रांनीं सरोदवादक उस्ताद अली अकबर खां यांजकडे तालीम घेतली आणि गिटारवर रागाची आलापी, जोड व गत हा सर्व विस्तार मांडून दाखविला. १९६७ सालीं शिवकुमार शर्मा यांचा संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी आणि काब्रा यांची गिटार यांनीं मिळून ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध झाली. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस तींत पहाटेच्या अहीर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत सुरांनीं रंगविला आहे. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते, आणि निर्माते होते मराठी भावगीतांचे सुप्रसिद्ध गायक जी. एन. जोशी. पुढें जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनीं गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडविली. अमेरिकेचे राय कूडर यांच्याबरोबर त्यांनीं केलेल्या ध्वनिमुद्रणास १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

या थोर वादकांचें संगीत गाडींत वाजवितां येतें. पण तें गाडी चालवितांना ऐकतां येतें काय? काब्रांच्या आलापांतील एक मींड जेव्हां षड्जाच्या अलीकडे क्षणभर अडते, तेव्हां ऐकणाऱ्याचा श्वासही तेथें अडतो. नेमका त्याच क्षणीं समोरच्या मालमोटारीचा लाल दिवा लागला तर दोहोंपैकीं एकावर अन्याय होणार. तो आलापावर झाला तर फारसें बिघडत नाहीं. रस्त्यावर झाला तर भरून येत नाहीं. म्हणून श्रेष्ठ संगीत हें वाटेवरचें उत्तम संगीत असतेंच असें नाहीं. जें संगीत सारें लक्ष मागतें, त्यास तें देतां येईल अशाच जागीं ऐकावें, यांत त्या कलेचाही मान राहतो आणि जीवही सुरक्षित राहतो.

तेव्हां पहाटे नाशिकहून निघणाऱ्या रसिकानें आपल्या प्रवासाची आंखणी अशी करावी. विल्होळीपासून घोटीपर्यंतच्या मोकळ्या रस्त्यावर शिप्ले, हजारा सिंग किंवा सुनील गांगुली यांनीं वाजविलेल्या ओळखीच्या चाली मंद आवाजांत चालूं द्याव्यात. चाली आधींच निवडून ठेवाव्यात; चालत्या गाडींत फोनकडे हात जाऊं नये. घाट जवळ आला, विशेषतः आषाढ-श्रावणांत धुकें उतरलेलें असलें, म्हणजे संगीत पूर्णपणें बंद करावें. घाटांत ब्रेकचा आवाज, मागच्या गाडीचा भोंगा, चढणीवर दमलेल्या मालमोटारीचें धापा टाकणें, हेंच ऐकावयाचें असतें. ठाण्याच्या गर्दींतही तोच नियम पाळावा.

आणि आलाप? त्यासाठींही या वाटेवर एक जागा आहे. घाटाच्या माथ्याजवळ घाटनदेवीचें मंदिर आहे. घाट उतरण्यापूर्वीं अनेक गाडीवाले तेथें थांबून हात जोडतात. रसिकानेंही तेथें थांबावें, गाडी नीट बाजूस लावावी, यंत्र बंद करावें. समोर दरी उघडी असते. मग काब्रांचा तो अहीर भैरव लावावा आणि दहा मिनिटें दुसरें कांहीं करूं नये. हवाई बेटांतील एका तरुणाच्या हातून रूढ झालेली ती पोलादी कांडी पहाटेच्या रागांत किती खोल उतरली आहे, हें त्या दहा मिनिटांत जितकें कळेल तितकें पन्नास प्रवासांत कळणार नाहीं. मुंबईस पोहोंचावयास दहा मिनिटें उशीर होईल. तेवढा उशीर, संगीतासाठीं नव्हे तरी घाट उतरण्यापूर्वीं डोळ्यांना विसांवा म्हणून, कोणीही करावा असाच आहे.