शिल्लक शून्य
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेले निवेदन)



शस्त्रक्रिया, शिबिरे आणि नवीन यंत्रसामग्री यांचा तपशील अहवालाच्या पुढील पानांवर आपणांस वाचावयास मिळेलच. आजच्या निवेदनासाठी आम्ही एक लहानसा विषय घेतला आहे. आमच्या औषध भांडाराच्या साठा नोंदवहीत मिथाइलफेनिडेट या औषधापुढील शिल्लक रकान्यात काही आठवडे शून्य होते. एवढ्या मोठ्या नोंदवहीत ते शून्य आमच्या लक्षात आले नाही. लक्षात आणून दिले ते खिडकीवरून रिकाम्या हाताने परतलेल्या पालकांनी.

हे औषध एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता, या विकारावर दिले जाते. असे मूल ‘वांड’ ठरते, मार खाते, आणि आईने लाडावून ठेवले असा शेराही मिळतो. वास्तविक हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार आहे. साध्या गोळीचा प्रभाव सुमारे चार तास टिकतो. दीर्घ प्रभावाची गोळी शाळेचा दिवस निभावून नेते. गोळी चुकली की तिचा परिणाम त्याच दिवशी वर्गात दिसतो.

कन्नड तालुक्यातील एक माउली दरमहा एस.टी.ने मुलास घेऊन येतात. मुलगा दहावीत. गोळ्या नाहीत म्हटल्यावर त्यांनी शहरातील दुकाने पालथी घातली व सायंकाळी पुन्हा आमच्याकडे आल्या. उरलेल्या चार गोळ्या अर्ध्या-अर्ध्या करून पुरवाव्यात काय, असे त्यांनी विचारले. गोळी दीर्घ प्रभावाची होती. ती मोडली तर औषध हळूहळू सुटण्याची रचनाच बिघडते, म्हणून आमच्या डॉक्टरांनी त्यास सक्त मनाई केली. त्यावर त्या म्हणाल्या, “साहेब, पोरगं आत्ता कुठं वहीवर टेकायला लागलं होतं.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तुटवड्याचा फटका मोठ्यांनाही बसला. वाळूज औद्योगिक वसाहतीत काम करणारे एक गृहस्थ हे औषध घेतात, हे त्यांच्या घरातही सर्वांना ठाऊक नाही. औषध नाही म्हणून रजा मागायची तरी कोणत्या तोंडाने?

आता दुसऱ्या दुकानातून का आणले नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. हे औषध औषधे नियम, १९४५ च्या परिशिष्ट ‘एक्स’मध्ये मोडते. विक्रीस वेगळा परवाना लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातील एक प्रत विक्रेत्यास दोन वर्षे जपावी लागते आणि साठा कुलपात ठेवावा लागतो. १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदाही लागू आहेच. दुरुपयोग टाळण्यासाठी ही बंधने आवश्यक आहेत, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु खप थोडा आणि कटकट फार, म्हणून अनेक दुकानदार हे औषध ठेवीतच नाहीत. परिणामी एका घाऊक विक्रेत्याचा पुरवठा थांबला की सारा भार एक-दोन खिडक्यांवर येतो.

तुटवडा आपल्यापुरताच आहे असेही नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील औषध प्रशासनाने या विकारावरील अ‍ॅडरॉल या औषधाची टंचाई अधिकृतपणे जाहीर केली. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये मिथाइलफेनिडेटसह अनेक औषधांबाबत तशीच सूचना निघाली. श्रीमंत देशांची ही गत, तर आपली काय कथा, असे म्हणून हात झटकता आले असते. पण आमच्या बाबतीत काही दोष आमचाच होता.

आम्ही वाणिज्य शाखेचे. पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेला पैसा, हे आमच्या हाडीमासी खिळलेले. कमी खपाच्या औषधांची मागणी साठा संपत आल्यावरच नोंदवावी, हा नियम आम्हीच घातला होता आणि त्यापायी वाचलेल्या रकमेचा मागील एका अहवालात अभिमानाने उल्लेखही केला होता. सलाइन किंवा प्रतिजैविके दुसऱ्या दिवशी मिळतात, तेथे हा नियम चालतो. येथे तो मुलांच्या मुळावर आला.

त्या काळात काही रुग्णांना डॉक्टरांनी अ‍ॅटोमॉक्सेटिन सुरू केले. ते परिशिष्ट ‘एक्स’मध्ये नाही, पण त्याचा पूर्ण गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि ते सर्वांनाच मानवते असे नाही. आमच्या समुपदेशिकांनी शाळांना पत्रे दिली: मुलास पुढच्या बाकावर बसवावे, काम लहान तुकड्यांत द्यावे, या काळातील वर्तनाबद्दल शिक्षा करू नये. काही मुख्याध्यापकांनी मनापासून साथ दिली. एका शाळेने मात्र ‘औषध मिळेपर्यंत मुलास घरीच ठेवा’ असे कळविले.

आता खरेदीचा नियम बदलला आहे. या औषधाचा तीन महिन्यांचा साठा ठेवण्याचे व दोन घाऊक विक्रेत्यांकडे मागणी नोंदविण्याचे विश्वस्त मंडळाने मान्य केले आहे. यात रक्कम अडकणार, आणि मुदत संपून काही गोळ्या नियमानुसार नष्टही कराव्या लागणार. ती तूट दाखविण्यास आम्हांस संकोच वाटणार नाही. यासाठी स्वतंत्र औषध राखीव निधी उघडण्यात आला आहे. देणगीदारांना आमची विनंती अशी की, या निधीस दिलेल्या पैशातून नावाची पाटी लागेल अशी कोणतीही वस्तू उभी राहणार नाही, हे जाणूनच द्यावे.

रुग्णांच्या नातेवाइकांनी गोळ्या संपण्याच्या दहा दिवस आधी खिडकीवर सांगावे आणि चिठ्ठीच्या दोन्ही प्रती सोबत आणाव्यात.

ती माउली मागील महिन्यात येऊन गेल्या. मुलाची सराव परीक्षा त्या काही आठवड्यांत होऊन गेली, ती मात्र आम्हांस परत देता येत नाही.

यानंतर कोषाध्यक्ष ताळेबंद सादर करतील.