गुडघेदुखी : कारणें व उपचार

पेणेस गणपतीच्या मूर्ति घडविणारा कारागीर तासन् तास मांडी घालून बसतो. रोह्याहून आगगाडीनें नोकरीस जाणारा खुर्चीवर दिवस काढतो. बैठक निराळी, पण गुडघ्यांची तक्रार एकच. चालणें सुटलें म्हणजे मांडीचे स्नायु दुबळे होतात, वजन वाढतें आणि सांध्यांतील कूर्चा झिजते. आयुर्वेद यास संधिगतवात म्हणतो. कोमट तिळतेलाचें मर्दन, निर्गुंडीच्या पाल्याचा शेक, वैद्याच्या देखरेखीखालीं जानुबस्ति यांनीं आराम वाटतो. पण झिजलेली कूर्चा भरून येत नाहीं. म्हणून वजन उतरवावें: एक किलो घटलें कीं दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें ४ किलोंनीं हलका होतो. मात्र सांधा लाल होऊन ताप आल्यास लेप लावीत न बसतां त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.