मल्लखांब आणि मुलांची वाढ

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर दौंड तालुक्यांत कुरकुंभ हें गांव लागतें. फिरंगाई देवीचें स्थान म्हणून तें पूर्वीपासून परिचित आहे. अलीकडे रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळें त्याचें नांव अधिक ऐकूं येतें. शेताच्या बांधांच्या जागीं कारखान्यांच्या भिंती आणि जड वाहनांचे रस्ते आले, कीं कोणत्याही गांवांत मुलांची खेळण्याची जागा आकसत जाते. पुण्यामुंबईच्या घरांत हीच गोष्ट फार पूर्वीं घडून गेली आहे. मूल जिन्याच्या कठड्याला लोंबकळलें, कीं घरांतून पहिला शब्द येतो, "उतर खालीं!" हा शब्द मायेचाच असतो. परंतु उतरल्यावर त्या मुलानें करावें काय, याचें उत्तर बहुधा कोणापाशीं नसतें.

लोंबकळणें, चढणें, हातांवर अंग तोलणें आणि उडी घेणें या खोड्या नव्हेत. त्या वाढत्या शरीराच्या गरजा आहेत. त्यांना शिस्त लावली म्हणजे जिम्नॅस्टिक्सची विद्या तयार होते. या विद्येची एक शाखा महाराष्ट्राच्या घरचीच आहे. ती म्हणजे मल्लखांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं तिला ऊर्जितावस्था आणली. पुढें आखाडे, तालमी आणि व्यायामशाळा यांनीं ती जतन केली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी व्यायामांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरानें मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतील मुलामुलींना खांबाची आणि दोरीची गोडी लावली; आणि २०१९ सालीं मुंबईंत शिवाजी पार्कवर या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा भरली.

मल्लखांब बुंध्याशीं जाड असून वर निमुळता होत जातो. त्याला बारीक मान आणि माथ्यावर बोंड असतें. त्यावर एरंडेल चोळलेलें असतें. नवशिक्या मुलाला प्रथम अढी शिकवितात. म्हणजे दोन्ही पायांनीं खांब पकडून अंग सांवरणें. मग साधी उडी, बगली, दसरंग, सुईदोरा अशी पायरीपायरीनें प्रगति होते. यांत हातांची पकड, खांदे, पोट, पाठ आणि मांड्या एकाच वेळीं कामाला लागतात. डोकें खालीं आणि पाय वर झाले असतांहि आपलें अंग कोठें आहे, हें मुलाला डोळ्यांवांचून कळूं लागतें. कानाच्या आंतील तोलाचें इंद्रिय आणि सांध्यांतील जाणीव यांचा मेळ बसविण्याचें हें शिक्षण वहीपुस्तकापुढें बसून मिळत नाहीं.

हाडांची गोष्टहि अशीच आहे. हाड हें सजीव द्रव्य आहे. त्यावर भार पडला आणि स्नायूंनीं त्याला ओढ दिली, कीं तें अधिक दाट होतें. माणसाला जन्मभर पुरवावयाचें हाडांचें बळ बहुतांशीं विशीच्या आंतच सांठवलें जातें. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं पांच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठीं रोज सरासरी साठ मिनिटें अंगमेहनत सांगितली, आणि आठवड्यांतून निदान तीन दिवस तींत स्नायु व हाडें बळकट करणारा व्यायाम असावा असें सुचविलें.

अशा व्यायामानें उंची खुंटते, ही भीति अनेक घरांत असते. जिम्नॅस्टिक्समधील नामांकित खेळाडू ठेंगणे दिसतात हें खरें. परंतु त्याचें मुख्य कारण असें कीं, ठेंगण्या बांध्याला हा खेळ अधिक साधतो आणि तशींच मुलें त्यांत टिकतात. काळजीची जागा निराळी आहे. वाढत्या हाडांच्या टोकांशीं कूर्चेचा मऊ पट्टा असतो आणि हाडाची लांबी तेथून वाढते. स्पर्धेच्या हव्यासानें मनगटांवर दिवसेंदिवस बेसुमार भार टाकला तर हा पट्टा दुखावतो; आणि भरपूर श्रमाबरोबर पोटभर अन्न दिलें नाहीं तर मुलांचें वयांत येणेंहि लांबतें. दुखणें सांगणाऱ्या मुलाला भित्रें ठरवूं नये, हा व्यायामशाळेचा पहिला नियम असावयास हवा.

याहून मोठा लाभ मनाचा आहे. वर चढलेल्या मुलाला भय वाटतें; तें वाटावयासच हवें. जाणता शिक्षक त्या भयाची टवाळी करीत नाहीं. तो खालीं हात धरून उभा राहतो आणि प्रथम उतरण्याची रीत शिकवितो. पडावें कसें, गुडघे वांकवून जमिनीवर यावें कसें, हें ज्याला अवगत झालें, त्याचें धाडस आंधळें राहत नाहीं. व्यायाम न शिकलेलें मूलहि केव्हां तरी झाडावर चढणारच. फरक एवढाच कीं, त्याला उतरतां येत नाहीं.

या विद्येला खर्चिक साहित्य लागत नाहीं, हें कुरकुंभासारख्या गांवाच्या दृष्टीनें महत्त्वाचें. एक सागवानी किंवा शिसवी खांब, त्याभोंवतीं जाड गाद्या, थोडें एरंडेल आणि एक जाणता शिक्षक एवढ्यावर शाळेच्या आवारांत आरंभ होऊं शकतो. भक्कम तुळईला सुती दोर बांधला तर दोरीचा मल्लखांबहि होतो. मुलींमध्यें तो विशेष रूढ झाला. गांवोगांवच्या कामकरी कुटुंबांना हें परवडण्यासारखें आहे, आणि शहरांतील सुशिक्षित घरांनाहि आपल्या मुलांच्या संध्याकाळचा एक तास त्यासाठीं राखून ठेवतां येईल. मग कठड्याला लोंबकळणाऱ्या मुलाला "उतर खालीं" म्हणून ओरडण्याचें कारण उरणार नाहीं. आई त्याला व्यायामशाळेंत नेईल, खांबाजवळ उभी राहील आणि एवढेंच म्हणेल, "सावकाश."