पुढच्या तपासणीपुरतं बोलू



घरात गोड बातमी कळली, की सल्ल्यांची रीघ लागते. सासूबाई म्हणतात पपईला हात लावू नकोस. मावशी सांगते केशर घे, बाळ गोरं होईल. जाऊबाई ग्रहणाची आठवण करून देतात. त्यात भर मोबाईलची. रात्री जरा पोटात दुखलं म्हणून शोधायला बसलेली मुलगी तासाभरात दहा आजारांची नावं वाचून रडकुंडीला येते आणि सकाळी दवाखान्यात म्हणते, “डॉक्टर, इतकं वाचलंय की आता काहीच सुधरत नाही.”

अशा वेळी माझं सांगणं एकच असतं. नऊ महिन्यांचे सगळे निर्णय आज घ्यायचे नसतात. पुढच्या तपासणीपर्यंत काय ठरवायचं आहे, तेवढंच आज समजून घ्या. नॉर्मल होईल की सिझर, याचा घोर तिसऱ्या महिन्यात लावून काय उपयोग? त्याचं उत्तर तेव्हा डॉक्टरांनाही देता येत नाही.

काही गोष्टींत तर निवडण्यासारखं काही नसतंच. पहिल्या बारा आठवड्यांत नाव नोंदवायचं, माता-बाल संरक्षण कार्ड घ्यायचं, रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, एचआयव्ही या तपासण्या करायच्या. धनुर्वाताची लस घ्यायची. चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची गोळी, किमान १८० दिवस. ती चहाबरोबर घेऊ नका, आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. शौचाला काळी झाली तर घाबरून गोळी बंद करू नका, ते चालायचंच. १८ ते २० आठवड्यांत बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी. २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला, तर आधी आहार सांभाळायचा आणि त्यानं भागलं नाही तर औषध. एवढं कळलं तरी पुरे.

खरा विचार करावा लागतो तो वेगळ्याच जागी. उदाहरणार्थ, बाळाला डाउन सिंड्रोम हा जन्मजात दोष असण्याची शक्यता सांगणारी, तिसऱ्या महिन्यातली डबल मार्कर तपासणी. रिपोर्टवर ‘हाय रिस्क’ असे शब्द दिसतात, शेजारी १:२०० असा आकडा, आणि घरात रडारड सुरू होते. हा आकडा आपण सावकाश वाचू. असा रिपोर्ट आलेल्या २०० बायका घेतल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल. उरलेल्या १९९ जणींच्या बाळांना तो नसेल. ही चाळणी आहे, निदान नव्हे. पुढे आईच्या रक्तावरून होणारी एनआयपीटी ही तपासणी करता येते. ती जास्त नेमकी असते, महागही असते, पण तीही चाळणीच. पक्कं निदान हवं, तर सुईनं गर्भजल किंवा वारेचा नमुना घ्यावा लागतो, आणि त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. एखादं जोडपं म्हणतं, आम्हाला खात्री हवी. दुसरं म्हणतं, बाळ कसंही असलं तरी आमचंच, सुई नको. दोघांचंही बरोबर आहे. कोणता धोका सोसवेल, हे ज्यानं त्यानं ठरवायचं असतं.

अशा प्रसंगी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. हे कशासाठी करायचं? नाही केलं तर काय होईल? दुसरा मार्ग आहे का? आणि ठरवायला किती वेळ आहे? शेवटचा प्रश्न तर विसरूच नका. पुष्कळदा उत्तर येतं, “दोन-चार दिवस घ्या.” तेवढ्यानंच निम्मं दडपण उतरतं. प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि बरोबर घरचं एक माणूस असू द्या. दोघांनी ऐकलेलं जास्त लक्षात राहतं. गर्दीत डॉक्टरांशी बोलणं झालं नाही, तर आशाताईंना विचारा. सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिचाही उपयोग करून घ्या.

आता घरच्या सल्ल्यांचं. केशरानं रंग बदलत नाही, ग्रहणानं बाळाचा ओठ फाटत नाही. कच्ची पपई टाळा, पण पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी काही बिघडत नाही. ज्यानं अपाय होत नाही, त्यावरून घरात वाद घालू नका. केशराचं दूध आवडत असेल, तर खुशाल प्या. पण “कमी जेव, बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल” किंवा “लोहाच्या गोळीनं बाळ काळं होतं” हे मात्र मुळीच ऐकू नका. यानं आई आणि बाळ दोघांचं नुकसान होतं.

नवरेमंडळींना एक काम सांगतो. नातेवाइकांचे मोबाईलवरचे संदेश तुमच्याकडे येऊ द्या आणि तुमच्यापाशीच थांबू द्या. फारच शंका आली, तर पुढच्या तपासणीला विचारा.

मात्र काही वेळा विचार करत बसायचं नसतं. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहऱ्यावर अचानक सूज, झटके, जोराचा ताप, बाळाची हालचाल कमी होणं. यांतलं काहीही झालं, तर मोबाईलवर शोधू नका, शेजारी विचारू नका, सकाळची वाट पाहू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. जाताना कार्ड बरोबर घ्या. तिथल्या डॉक्टरांना तुमचा रक्तगट आणि आजवरच्या तपासण्या त्यावरूनच कळतील.