दुसऱ्याच्या वखारीतली आपली पोती

आपल्याकडे ढग म्हटला की शेतकऱ्याचे डोळे आपोआप वर जातात. त्यामुळे मुलांचे फोटो, शाळेचे दाखले, सातबाराच्या प्रती ‘क्लाउड’मध्ये ठेवल्या आहेत असे कोणी सांगितले, म्हणजे त्या वर कोठेतरी अधांतरी असाव्यात अशी समजूत होते. तसे काही नाही बरं का. जमिनीवर पक्क्या इमारती आहेत, त्यांत रात्रंदिवस चालणारी यंत्रे आहेत, आणि आपण मोबाइलवरून पाठविलेला फोटो तेथे जाऊन पडतो. तेव्हा याला ढग न म्हणता वखार म्हणावे. वखार म्हटली की शेतकरी लगेच विचारतो : वखार कोणाची, माल कोणाच्या नावावर, आणि पावती कोणापाशी?

वखार कंपनीची. गूगल प्रत्येक खात्यामागे १५ जीबी जागा फुकट देते. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट ५ जीबी देतात. गूगलच्या १५ जीबीत टपाल, कागदपत्रे आणि फोटो सगळे एकत्र मोजले जाते. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपची राखीव प्रतही त्यातच. म्हणजे रोज सकाळी येणारी फुलांची चित्रे आपलीच जागा खातात! जागा भरली की नवे टपाल येणे थांबते. मग एक तर कचरा काढा, नाही तर भाडे भरा.

आता तुम्ही म्हणाल, फुकट मिळते ते काय वाईट? वाईट नाही. पण फुकटच्या अटी देणारा ठरवितो. गूगलने २०१५ साली फोटोंसाठी अमर्याद जागा देऊ केली होती. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली. दोन वर्षे खाते उघडलेच नाही, तर आतल्या मालासकट ते काढून टाकण्याचा नियमही २०२३ साली आला.

माझ्या मते मात्र खरा घोटाळा पावतीचा आहे. पावती म्हणजे खात्याचा पत्ता, परवलीचा शब्द आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर. नवा फोन घेतला की दुकानदार चटकन खाते उघडून देतो. शब्द त्याने ठरविलेला, नंबर कधी भाच्याचा. दोन वर्षांनी फोन पाण्यात पडतो, आणि कन्येच्या लग्नाचे फोटो कोणत्या नावाने ठेवले होते, हेच घरात कोणाला ठाऊक नसते. त्यात रिचार्ज न केल्याने नंबर बंद पडला, तर ९० दिवसांनंतर तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग तुमच्या खात्याचा ओटीपी त्याच्याकडे जातो.

आणखी एक गोष्ट. फोनमधली जागा रिकामी करायची म्हणून पुष्कळ जण गूगल फोटोज उघडून फोटो पुसतात. तेथे पुसलेला फोटो वखारीतूनही जातो. तो ६० दिवस कचरापेटीत राहतो, तेवढ्यात परत आणता येतो. फक्त फोनमधला काढायचा असेल, तर त्यासाठी ‘जागा मोकळी करा’ ही निराळी सोय आहे.

दाखल्यांची गोष्ट वेगळी. २०१५ साली सुरू झालेले सरकारी डिजिलॉकर आहे. त्यात मंडळाने किंवा खात्याने स्वतः पाठविलेली गुणपत्रिका नियमाने मूळ कागदासारखीच धरली जाते. आपण फोटो काढून तेथे चढविला, तर त्याला तो मान नाही. हा फरक गुरुजींनी दहावीच्या मुलांना अवश्य सांगावा.

आणि त्याच तासाला एक काम करून घ्यावे. घरातल्या प्रत्येक खात्याचा पत्ता आणि जोडलेला नंबर मुलांनी वहीत लिहून काढावा. नंबर बंद झालेला असेल, तर खाते फोनवर उघडे आहे तोवरच तो बदलून घ्यावा. गूगलची दुहेरी पडताळणी चालू केली, की आठ आकडी दहा राखीव संकेत घेता येतात. फोन हरवला तर एकेक संकेत एकदा चालतो. ते मात्र फोनमध्ये ठेवू नयेत. कागदावर उतरवून रेशनकार्डाबरोबर ट्रंकेत ठेवावेत.